परतीची सरासरी

रकाना सात: लागणारी उपकरणे.
मी लिहिलं, खडू. मग खोडलं.
गेल्या वर्षी वरून शेरा आला होता,
'किरकोळ बाबी वेगळ्या दाखवाव्यात.'
खरं काय लागतं ते लिहायला रकाना नाही:
एक टेबल, ताळगावच्या पठारावरचा वारा,
आणि एका पोराची चार वर्षं
ज्यांत त्याला खोलीभाडं आठवू नये.

पोराचं नाव विशांत वेळीप. गावडोंगरीचा.
विषय, यादृच्छिक भ्रमण.
त्याच्या आईला मी फोनवर समजावलं होतं,
चौकटींच्या कागदावर एक मुंगी आहे,
दर पावलाला चिठ्ठी टाकून दिशा ठरवते.
आम्ही एवढंच विचारतो, ती घरी परत येणार का?
"येतली मगो," ती म्हणाली.
बरोबर. सपाटीवर ती येतेच,
संभाव्यता एक.
फक्त किती पावलांनी, याची सरासरी काढायला गेलं
तर उत्तर अनंत येतं.

त्याची फेलोशिप जुलैत अडली.
लेखा विभागातले मेनेझिस, सज्जन माणूस,
दर सोमवारी म्हणायचे, "येणार मॅडम, मंजूर आहे."
मी विचारायची, कधी?
ते चष्मा काढून पुसायचे.

सप्टेंबरात त्याने मेस सोडली.
ऑक्टोबरात मांडवीतल्या कॅसिनोवर लागला,
रात्रपाळी, चिप्स मोजून द्यायच्या खिडकीत.
म्हणाला, तिथे सगळे माझाच विषय करतात,
सिद्धतेशिवाय.
मी हसले.
त्या हसण्याची लाज मला घरी जाऊन वाटली, भात लावताना.

अकराच्या सेमिनारला यायचा,
काळं जाकीट पिशवीत कोंबून, डोळे तांबडे.
एकदा तिसऱ्या पायरीत चूक दाखवली, माझी.
ती असमानता अजून फळ्याच्या कोपऱ्यात आहे,
चौकटीत, शेजारी 'पुसू नये'.
पिएदाद बाकीचा फळा पुसते
आणि चौकटीच्या कडेने ओलं फडकं असं फिरवते
जसं निजलेल्या मुलाचं तोंड पुसावं.

अठ्ठावीस मार्चला पैसे आले.
आठ महिन्यांचे, एकदम.
सोबत पत्र, एकतीसच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र.
मेनेझिस स्वतः जिना चढून सांगायला आले, धापा टाकत.
मी विशांतला फोन लावला.
"मॅडम, त्यांनी मला कायम केलंय.
पगार सात तारखेला पडतो."
"दर महिन्याच्या?" मी विचारलं,
जणू एखादं प्रमेय ऐकत होते.
मागे कुणीतरी जिंकल्याचा आरडाओरडा.

'रक्कम ज्या कामासाठी मिळाली
त्याच कामासाठी वापरली, असे प्रमाणित करते.'
सही करायची जागा ठिपक्यांची आहे.
ठिपके मोजले. एकतीस.

आज सोमवार. चौकटीत एक ओळ जास्त आहे.
अक्षर त्याचं, घाईचं.
पिएदाद म्हणते, पहाटे सहाला आला होता,
काळ्या जाकिटात. बस म्हटलं, बसला नाही.

ओळ बरोबर आहे का,
मी अजून तपासलेलं नाही.