मुक्कामाला होडी

ओइवा आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते
आणि बर्चच्या बुंध्यांना अजून कमरेपर्यंत ऊन होतं.
गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी, पालथी,
जुन्या डांबराचा वास तिच्याआधी फाटकातून आत आला.
"एका रात्रीची जागा हवी," म्हणाला.
"मला नको. हिला."

माझ्या दरपत्रकात तंबू आहे, चाकांवरचं घर आहे,
कुत्र्याचे दोन युरो आहेत, सौनाचे सहा.
होडी नाही.
मी वहीत लिहिलं : लहान तंबू, एक.
नावाच्या रकान्यात काय लिहू,
तर म्हणाला, आइली.
आइली कोण, हे मी विचारलं नाही.
आमच्या तळ्याकाठी
न विचारणं हेही एक बोलणंच असतं.

अकरा वर्षं कोठारात पडून होती ती.
फळ्या आकसलेल्या,
आत वाकून पाहिलं तर फटींतून तळं दिसायचं
आडव्या आडव्या रेघांत.
त्यानं तिला धक्क्याच्या दुसऱ्या खांबाला बांधलं,
दोन दोरांनी,
आत चार धोंडे ठेवले, नीट, बाळाच्या उशाला ठेवावं तसे,
आणि बाजूला झाला.

पाणी सगळीकडून आलं.
आधी तळ गेला, मग बसायच्या फळ्या,
मग वर राहिलं फक्त नाळेचं टोक,
पोहणाऱ्या हरणाच्या नाकासारखं.

साडेअकराला माझ्या दारावर थापा.
सात नंबरच्या जर्मनांचा लेनार्ट, आठ वर्षांचा, अनवाणी :
"होडी बुडाली!"
मागे त्याचा बाप, हातात टॉर्च,
त्या पांढऱ्या रात्री टॉर्चचा उजेड कशावरच पडत नव्हता.
त्याच्या मागे दोन डच बायका, एक बादली.
मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं,
बुडाली नाही. पाणी पितेय.
"किती पिणार?"
"अकरा वर्षांचं."
बापाला पटलं नाही. "मग फटी बुजवत का नाही तो?"
तेच तर चाललंय, म्हटलं,
आणि दार लावून घेतलं, डास आत येत होते.

झोप मात्र गेली ती गेलीच.
दोन वाजता धक्क्यावर गेले.
ओइवा माशांच्या खोक्यावर बसलेला, पायाशी थर्मास.
पलीकडे कुठेतरी पाणडुबी ओरडली, आणि थांबली.
बऱ्याच वेळानं तो होडीकडे बघत म्हणाला,
"बाप सांगायचा,
फट दिसली की लगेच डांबर घेऊन धावू नये.
आधी भिजू द्यावं.
भिजल्यावर उरते ती खरी फट."

माझ्या खिशात फोन होता, फोनमध्ये बहिणीचा नंबर.
पण रात्री दोनला कुणी कुणाला फोन करतं का.
मी त्याच्या थर्मासमधली कॉफी प्याले.
गार होती.

सकाळी सहाला लेनार्ट लाल बादली घेऊन हजर.
धोंडे काढले. दोघं उपसायला लागले.
पोरगं मोठ्यानं मोजत होतं,
एकशे चाळीसला चुकलं, पुन्हा शंभरपासून धरलं,
त्यामुळे किती बादल्या झाल्या ते कुणालाच माहीत नाही.
होडी हळूहळू वर आली,
फुगलेली, काळीभोर, जड,
फळीला फळी लागलेली.
दोनच जागा पाझरत राहिल्या.
ओइवानं तिथे खडूनं गोल केले.
"खऱ्या?" लेनार्टनं विचारलं.
शब्द त्याला कळला नसणार, पण मान हलली तशी
त्यानं एका गोलावर अंगठा दाबून धरला
आणि आईनं नाश्त्याला तीनदा हाक मारेपर्यंत
उचलला नाही.

ओइवानं लहान तंबूचे पैसे दिले, सुटे, मोजून.
वल्ही कड्यांत बसवली.
पलीकडच्या काठाकडे निघाला, तिथे कोण आहे मला ठाऊक नाही.
वहीत आइलीच्या नावापुढे मी सुटायची वेळ लिहिली,
आठ वाजून दहा.

ट्रेलर मागेच राहिला, बिर्चच्या खाली.
नंतर नेतो म्हणाला.
त्याचे मी काही लावले नाहीत.