दहापैकी किती

सकाळी बोटं उघडायला पाऊण तास लागतो.
केटली कुरकुरते, कोंबड्या दारावर चोची आपटतात,
आणि मी मांडीवर हात ठेवून बसते,
दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतल्यासारखे.

कार्डिगनची बटणं गिब्बी लावतो.
चव्वेचाळीस वर्षं समुद्रावर दोर ओढलेली बोटं,
वरचं बटण दरवेळी चुकवतात.
मी बोलत नाही. गळ्याशी वारा लागतो, लागू दे.

सोमवार गोळ्यांचा. आठ पिवळ्या, एकदम.
त्यामुळे मंगळवार माझ्या मालकीचा नसतो,
त्या दिवशी घरात मासा तळायचा नाही.
बुधवारी नर्स येते रक्त घ्यायला, बोट चालू असेल तर.
येल बेटाला वाऱ्याने कोंडलं
की माझं रक्त आठवडाभर माझ्यापाशीच राहतं.

मग कमरेला पट्टा बांधते. आईचा.
चामड्याचा, आत घोड्याचे केस ठासलेले, वर भोकंच भोकं.
भोकात सुई खोचली की ती तोलायला हात लागत नाही.
आई पाठीवर जळणाची पाटी घेऊन
चालता चालता विणायची, चढणीवरसुद्धा.
तिला पट्टा घाईपोटी लागे.
मला सुई जड होते.

ऑक्टोबरपासून एर्लंडचा स्वेटर चाललाय.
नातू. खाडीतल्या माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला,
हात आजोबांसारखे लांब, वाढ अजून थांबली नसावी.
एक लोकर तांबूस, एक धुक्याच्या रंगाची,
दोन्ही मेंढ्यांच्या अंगच्याच, न रंगवलेल्या.
डावी बाही बऱ्या दिवसांत झाली,
वीण अशी घट्ट की पाणी वर ठरावं.
उजवी जानेवारीतली.
तिच्यात सुजेचे आठवडे वाचता येतात:
इथे सैल, इथे आणखी सैल,
आणि कोपराच्या जरा वर बोट जाईल एवढी फट.
त्या दिवशी मेरनचा फोन आला होता,
ती आणि आमचा मुलगा आता वेगळे राहणार म्हणून.
त्या फटीत सांध्यांचं किती आणि सुनेचं किती,
लोकर सांगत नाही.

ॲबर्डीनची डॉक्टर पडद्यावर येते.
तरुण, केस अजून ओले.
विचारते, दुखणं दहापैकी किती?
मी म्हणते, चार.
मी ओळी मोजून सांगितलं. काल चारच झाल्या होत्या.
ती हसली. म्हणाली, छान, उतार पडलाय.
गिब्बीचा कपातला चमचा थांबला.
त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.
समजावत बसले असते
तर आजची पहिलीसुद्धा राहिली असती.

काल रात्री टाका सुटला.
सुईवरून निसटला तो खाली, आणखी खाली,
मागे नुसती शिडी,
आणि माझी बोटं तोवर मिटून गेलेली.
तसंच टेबलावर टाकलं, निजले.

सकाळी टाका जागेवर.
वर उचललेला, आणि बांधून टाकलेला,
जाळ्याची गाठ, ओढावी तितकी आवळणारी.
दिव्याची काच अजून कोमट होती.
गिब्बी कोंबड्यांकडे गेला होता,
नेहमीपेक्षा मोठ्याने त्यांच्याशी बोलत.

मी ती गाठ सोडवली.
अर्धा तास गेला, शेवटी दात लावले.
काखेजवळची जागा ती, पोराला टोचली असती.

मग दोन ओळी नीट विणल्या.
तिसऱ्या ओळीत
एक टाका सुईवरून जाऊ दिला,
आणि गिब्बीचा चष्मा शेजारी ठेवून
बोटं शेकायला चुलीपाशी गेले.