बेचाळीस अंश

माझं काम पाणी तापवण्याचं.
पदवीला लांबलचक नाव आहे; घरी मी एवढंच सांगतो.

टॉरबियर्ग सोलेम, वय त्रेपन्न, उत्तरेकडच्या बेटावरची.
जन्मभर लाकडी मांडवांवर
कॉड माशांच्या जोड्या वाळत घातलेल्या.
दोन वर्षं कंबरपट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडत होती.
एक डॉक्टर म्हणाला, वय.
दुसरा म्हणाला, पाव कमी करा.
धक्क्यावर कुणीतरी विचारलं, कितवा महिना?
ती हसली. मग गाडीत बसून राहिली,
इंजिन चालू न करता.

शेवटी हर्नियाचं साधं ऑपरेशन.
पोरगेल्या सर्जनने छेद दिला
तर आतून पिवळट, घट्ट खळ.
तो थांबला.
तुकडा बाटलीत घेतला, पोट शिवलं, ऑस्लोला फोन लावला.
त्या थांबण्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

आंत्रपुच्छ. करंगळीएवढं.
हत्ती गेला नि शेपूट राहिलं, म्हणतात;
इथे शेपूट फुटलं
आणि त्यामागून हत्ती आला.
स्कॅनमध्ये यकृताची कड
कुणी सावकाश कुरतडल्यासारखी.

आदल्या रात्री तिने मला विचारलं,
पाणी किती गरम?
म्हटलं, आंघोळीच्यापेक्षा जरासं जास्त.
आमचा समुद्र चार अंशांचा, ती म्हणाली,
एकदा तरी ऊब मिळू दे.

सकाळी आठपासून हाल्डिस बाई
पोटाचं अस्तर सोलत होत्या,
जुन्या घराच्या भिंतीवरचा कागद काढावा तसं.
प्लीहा गेली. गर्भाशय गेलं.
साडेपाचला माझ्याकडे पाहून मान हलवली.
जांभळं औषध, बेचाळीस अंश, नव्वद मिनिटं.
कमी झालं तर वाया, जास्त झालं तर आतडं भाजेल.
दोघं जण आळीपाळीने तिचं पोट डोलवत होते,
धक्क्याला बांधलेली होडी डोलते तसं.
मी काट्यावरून नजर हलवली नाही.

लहान आतड्यावर चार कण राहिले, तांदळाएवढे.
तेही काढले असते
तर जेवायला आतडं उरलं नसतं.
बाईंनी हे तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मोजून ठेवा.

मार्चमध्ये तपासणीला आली. तोच पट्टा,
पहिल्या भोकात बकल.
बाकीची भोकं दाखवत म्हणाली, ही बुजत नाहीत हो.
काय बोलावं सुचेना.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुका मासा
तिने माझ्या टेबलावर ठेवला.
दोन दिवस वास गेला नाही,
आणि कुणी खिडकीही उघडली नाही.