बशी क्रमांक एकोणचाळीस

मंगळवारी बाजारात, कुलरचे जुने पंप आणि रद्दीच्या मधोमध
ती पालथी पडली होती.
बरं झालं. आधी पाठच बघायची असते.
निळा छाप, अर्धा पुसट, एक मुकुट,
आणि कुठल्याशा इंग्रजी गावाचं नाव
जिथे मी कधी जाणार नाही.

टिचकी मारली.
वीज मंडळात एकतीस वर्षं चिनी मातीचे इन्सुलेटर
मी असेच कानाने तपासले :
खणखणला तर खांबावर, नाहीतर भंगारात.
ही बोलली, ठक्.
म्हणजे साधी मातीच, झिलईखाली पाणी पिणारी.
शिवाय तडकलेली.
लतीफभाई म्हणाले, "साब, इससे गाना गवाना है क्या?"

वर निळं झाड, निळा पूल, पुलावर तीन माणसं.
काठाला नक्षीचा कागद जिथे जुळला नाही
तिथे एक फूल अर्धंच.
कुणा कामगाराला त्या दिवशी घाई असेल.

पण मी घेतली ती टाक्यांसाठी.
तडा पाठीमागून शिवलेला, पितळेचे सहा टाके.
कामठीच्या छावणीत, बंगल्याच्या मागच्या पायरीवर
कुणी बसला असेल गिरमिट घेऊन :
मातीला भोक पाडायचं
आणि आरपार जाऊ द्यायचं नाही.
त्याचा छाप कुठेच नाही.

साठ रुपये.

मग मे महिना. पाहुणे. बश्या कमी पडल्या.
हेमलताने काचेच्या कपाटातून नेमकी हीच काढली
आणि वाढला सावजी रस्सा.
मी आलो तोवर मेहुणा बोटं चाटत होता,
पुलावरची तिघं तर्रीत गळ्यापर्यंत.

केसाएवढ्या भेगांतून तेल आत शिरलं.
सोडा, लिंबू, रात्रभर कोमट पाणी. काही नाही.
आठवडाभर मी घरात बोललो नाही.
शेवटी तीच म्हणाली,
"दीडशे वर्षं जुनी हाये न ते?
मंग कोणी जेवलंच असन न तिच्यात."

भिंग काढलं.
तपकिरी भेगा आधीच्या, कुणाच्या तरी चहाच्या,
आणि त्यांच्याच वाटेने थोडी पुढे गेलेली
आमची तांबडी.

पुण्याचा एक संग्राहक येऊन गेला.
टाके, वर डाग, म्हणाला, किंमत निम्मी.
मी त्याला संत्रा बर्फी दिली
आणि किल्ली खिशात टाकली.

पारा पंचेचाळीसवर गेला की
कपाट उघडताना अजून
थोडा मसाल्याचा वास येतो.
वहीत त्यासाठी रकाना नाही.