फटकी

भिवापूरच्या अलीकडे, सडकेला लागून
मिरचीचा सातरा आहे. पौष लागला
की बाया नाकाला फडकं बांधून बसतात
आणि ढिगातून एकेक मिरची उचलून देठ खुडतात.
लाल ती एकीकडे. रंग उडालेली ती फटकी,
तिची टोपली वेगळी, तिचा भाव वेगळा.
माझी माय त्यांतली एक. डाव्या हाताला कौतिकाबाई,
उजव्या हाताला खोकला.

मी घरी, पत्र्याखाली, जुन्या लॅपटॉपवर
शाळेतल्या पोरांसाठी एक लहानशी भाषा बांधते आहे:
जर, नाहीतर, जोवर, सांग.
चालते बरी. आता तिला रंग द्यायचा,
म्हणजे पोरांना दिसेल, कुठला शब्द भाषेचा
आणि कुठला त्यांचा स्वतःचा.

रंगाआधी तुकडे.
अक्षरांची सलग ओळ डावीकडून धरायची.
'जर' दिसलं म्हणून लगेच हात मारायचा नाही,
पुढे 'जरीना' असेल, चौथीतल्या मुलीचं नाव.
तिला मधोमध कापून
अर्धी निळी, अर्धी काळी करायची नाही.
जेवढं लांब जुळेल तेवढं उचलायचं.
हे मी दोन रात्री जागून शिकले.
मायला सांगितलं तर म्हणाली,
"मंग? मिरची का अर्धी उचलत असतात वं?"

पहिल्या दिवशी मी वेलांट्या तोडल्या.
'किंमत' लिहिलं, तर क एकटा उभा
आणि वेलांटी ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाला टेकून,
बसस्टँडवर कुणी विसरलेल्या काठीसारखी.
वेलांटी म्हणजे देठ नाही,
हे यंत्राला वेगळं सांगावं लागलं.

प्रत्येक तुकड्याच्या तीन गोष्टी ठेवते:
कुठे सुरू झाला, किती लांब, जात कोणती.
'जात' लिहिलं आणि हात थांबला.
खोडलं. 'प्रकार' लिहिलं.
आमच्या घरात तो शब्द असा सहज वापरत नाहीत.

मोकळ्या जागांना रंग नाही,
पण त्या मोजल्या नाहीत
तर पुढचं सगळं एकेक घर सरकतं.

माय आठला आली. कोपरापर्यंत खोबरेल,
बोटांची आग. माझ्या पाठीशी उभी राहिली.
तिला वाचता येते बसची पाटी
आणि मजुरीची चिठ्ठी.
पडद्याकडे पाहून म्हणाली,
"अवं, इथून खालचं सगळं फटकी झालं!"

खरंच. बाविसाव्या ओळीपासून तळापर्यंत
एकच फिका पिवळा.
जर फिकं, जोवर फिकं, जरीना फिकी.
अर्धा तास मी चाळिसाव्या ओळीत शोधत होते.
"रंग कुठून पालटला ते पाय," ती म्हणाली,
"खालचं नोको चिवडू."
बाविसाव्या ओळीत मीच
सांग "नमस्कार
एवढं लिहून अवतरण मिटवायचं विसरले होते.
मिटवलं. रंग खाली धावत गेला.

"म्हंजे याले समजते का, काय लिवलं हाय थे?"
नाही माय. रंगवणाऱ्याला अर्थ लागत नाही.
तो नुसता ओळखतो आणि पुढे सरकतो.
"माह्यावानीच मंग. मले तरी कुठं मालूम
कोनाच्या भाजीत जाते."
हसली, आणि हसता हसता डोळ्याला हात लावला.
लावायचा नव्हता.

डोळा निवेपर्यंत तांब्या धरून उभी होते.
मग शेवटचा नियम लिहिला:
ओळ संपली की यंत्राने एवढंच टिपायचं,
काही उघडं राहिलंय का.
पुढची ओळ तिथून सुरू.
मध्ये काही बदललं, तर तिथून खाली रंगवत यायचं,
जुनी नोंद आणि नवी नोंद जुळली की थांबायचं.
सगळं पुन्हा रंगवायची गरज नाही.

आतून तिचा आवाज, दिवा मालवताना:
"कोंबड्या झाकल्या का वं? फाटक?"

फाटक उघडं होतं.