हजर

भूमितीचा पेपर.
सोनपेठच्या पल्याड, वाण नदीकाठच्या त्या केंद्रावर
यंदा खिडक्यांना पत्रे ठोकलेत,
तरी पत्र्याच्या भोकातून एक करंगळी आत येते
आणि विचारते,
"कितवा अडलाय रे?"

बाहेर बाभळीवर चढलेला कुणाचा तरी मामा,
दोन होमगार्ड, रसवंतीचा घुंगरू,
आणि झेरॉक्सवाला. त्यानं आख्खं गाइड
काडेपेटीएवढं केलंय, आणि म्हणतो,
मी काय, कागद लहान करतो फक्त.

मी पर्यवेक्षक. खोली क्रमांक चार.
पंचवीस पोरं, एक पंखा, तोही नावापुरता.

भरारी पथकाची जीप वळणावर दिसली
की रज्जाकचाचा मोठ्यानं खोकतात.
मग कागद जातात बुटात, बाहीत, केसांच्या बोत
एक पोरगी तर पायथागोरस चावून गिळते
आणि वरून पाणी पिते.

आदिनाथ गित्तेनं मात्र काहीच लपवलं नाही.
माझ्याच वर्गातला, नंबर इथं आलेला.
चिठ्ठी तळहातावर तशीच उघडी,
झेरॉक्स नव्हे, हातानं लिहिलेली,
अक्षर दाणेदार.
आणि आकृतीत स्पर्शिका
वर्तुळाला चांगली दोन ठिकाणी कापून
पलीकडे गेलेली.

"कुठून उतरवलंस?"
"त्यायनं दाखवलं, मी उतरवलं."
"शिकवत होते तेव्हा कुठं होतास?"
त्यानं मान वर केली नाही.
"कारखान्यावर, बाई. दिवाळीपासून.
तुमाला ठावंच हाय की."

ठावंच होतं.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी
कॅटलॉगात त्याच्या नावापुढं
माझ्या निळ्या पेनानं
हजर, हजर, हजर.
रविवार तेवढे सोडलेले.
पट टिकवायचा होता, तुकडी वाचवायची होती,
तपासणीच्या आदल्या रात्री
मागचं पान पुढ्यात ठेवून
बघून बघून भरलं होतं मी.
तेव्हा कुणी खोकलं नाही.

चिठ्ठी घेतली. पेपर त्याच्याकडं राहू दिला.
जेवढं येतं तेवढं लिही, म्हटलं.
त्यानं बैठक क्रमांक लिहिला, सुवाच्य,
एक वर्तुळ काढलं
आणि घंटा होईस्तोवर त्याच्याकडं बघत बसला.

नापास झाला. होणारच होता.
मला वाटलं होतं, मी फार बरोबर वागले;
निकालाच्या दिवशी त्याची आय
शाळेच्या पायरीवर नुसती बसून गेली,
एक शब्द बोलली नाही,
तेव्हा तेवढं खात्रीनं वाटेना.

जूनमध्ये त्याला बोलावलं, पुरवणीसाठी.
आणखी चौघं आली, एकीच्या कडेवर भाऊ.
गाइड बाहेर ठेवा म्हटलं, चपलांपाशी.
मग मी विचारलं ते,
ज्याचं उत्तर चपलांपाशी नव्हतं:
वर्तुळाला एकाच जागी टेकते
अशी रेघ कुठं पाहिलीत?
बराच वेळ नुसत्या माश्या.
आदिनाथ म्हणाला, चुकलं तर मारू नका.
"गाडीचं चाक, बाई. अन् खालचा रस्ता."

मी खडू खाली ठेवला.
पंचवीस वर्षं हे शिकवतेय,
मला कधी रस्ता दिसला नव्हता.

यंदा कॅटलॉगात सात नावांपुढं
गैरहजर लिहिलं.
मुख्याध्यापक लोमटे सर म्हणाले, मॅडम, पट जाईल.
जाईल कदाचित. रात्री झोप येत नाही त्यानं.

काल साडेनऊला फोन वाजला.
मागं ट्रॅक्टर, कुत्री, कुणीतरी भांडी आपटतंय.
फडावरची पूजा मुंडे, आठवी:
"बाई, व्यास म्हंजी जीवाच असती का?"
मी म्हटलं, तुला काय वाटतं?
ती थांबली.
तिच्या मागनं कुणीतरी हळूच पुटपुटलं,
"हो म्हण, हो म्हण."
"त्याला गप बसव," मी म्हटलं.
"तू सांग.
मी थांबते."