सुरगाठ

वरांगरच्या काठी नोव्हेंबर सरता सरता
सूर्य उगवायचंच सोडून देतो.
मग दिवस कुठला, रात्र कुठली,
भिंतीवरचं घड्याळ सांगेल ते खरं.
पट्ट्यांच्या खोलीत घड्याळ नव्हतं.
अकरा वर्षं नोकरी केली मी तिथं,
आयलर्टनं सांगेपर्यंत लक्षात आलं नाही.

त्या रात्री त्याला खिडकी उघडून हवी होती.
उघडत नाही, मी म्हणाले. नियम.
मग खुर्ची, मग काच, मग आम्ही पाच जण.
कंबर, मनगटं, घोटे.
चुंबकाच्या किल्लीचा टक आवाज, पाचदा.
वहीत मी लिहिलं :
दोन चाळीस ते सव्वानऊ. रुग्ण शांत.

नवव्या दिवशी तोर्गुननं टेबल बाहेर काढलं,
खुर्च्या गोल मांडल्या.
त्याची बहीण गुरो कारखान्यातून तशीच आली,
बाह्यांवर मासळीचे खवले.
डॉक्टर म्हणाले, "त्या रात्रीचं तू सांग."
तो नुसता बुटांकडे बघत बसला.
आम्हीही गप्प. शिकत होतो गप्प बसायला,
सोपं नसतं ते पगारी माणसांना.

"होडी येतेय का, एवढंच ऐकायचं होतं. ओडगाइरची."
गुरोनं डोळे मिटले.
ओडगाइर बुडाल्याला सहा वर्षं झाली होती.
कुणी दुरुस्ती केली नाही.
डॉक्टरांनी विचारलं, "इंजिनाचा आवाज कसा होता?"
आयलर्टनं तोंडानं काढून दाखवला,
मध्येच खोकणारा, पुन्हा धरणारा.
गुरो रडता रडता हसली. "अगदी तस्साच."

मग त्यानं बुटाची नाडी ओढून काढली,
दोन गाठी मारल्या.
"ही निरगाठ. जितकं ओढाल तितकी आवळते.
ही सुरगाठ. लाटांतही होडी धरून ठेवते
आणि एका हातानं सुटते.
होडी कधी निरगाठीनं बांधत नाहीत."
का, मी विचारलं.
"धक्क्याला आग लागली तर?"

आता खिडकी वीतभर उघडते.
मी कोट घालून शेजारी बसते, दोघं ऐकतो.
बहुतेकदा वारा.
एकदा बर्फ लोटणारी गाडी; त्यानं मान हलवली, ही नव्हे.

पट्ट्यांची खोली अजून आहे.
फेब्रुवारीत एकदा उघडावी लागली, दुसऱ्या कुणासाठी,
चाळीस मिनिटं.
माझा हात तिला नको होता, म्हणून नुसती बसले,
मांडीवर घरचं गजराचं घड्याळ,
तिच्याकडे तोंड करून.

वहीत "शांत" लिहिण्याआधी
मी हल्ली त्यांनाच विचारते.